डावीकडे ओढणारी अँबेसडर

चंपतरावांनी गाडी उंच केली ती काटोलकडच्या बगिच्यापायी. संत्र्याच्या झाडांपर्यंत जायला बैलगाडीचीच वाट, म्हणजे दोन खोल चाकोऱ्या आणि मधे दगडांचा कणा. त्या कण्यावर अँबेसडरचं पोट घासायचं. एका हंगामात सायलेन्सर दोनदा गळून पडला. दुसऱ्या वेळी तर तो गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन, त्यांच्या बायकोला, गोपिकाबाईंना, महाल भागातल्या घरापर्यंत यावं लागलं.

मग चंपतरावांनी मनावर घेतलं. मिस्त्रीचं नाव काढलं नाही. मागच्या स्प्रिंगांमध्ये एकेक जादा पाटा बसवला, पुढची बाजू पान्यानं बोल्ट पिळून स्वतःच वर चढवली. गाडी अशी उभी राहिली, जशी एखादी बाई ओढ्यातून लुगडं सावरत निघाली आहे. गल्लीतले लोक पाहायला आले.

"आता घासते का सांग पोट!" चंपतराव म्हणाले.

"नाई घासत. पण चढाले पाट लागन," गोपिकाबाई म्हणाल्या.

पोट खरंच घासेना. पण गाडीला नवीच खोड लागली. जरा हात सैल पडला की ती डावीकडे निघायची, तिकडे कुणी सोयरा राहत असल्यासारखी. चंपतराव स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरायचे आणि संध्याकाळी खांद्याला बाम चोळून घ्यायचे. चोळायच्या अर्थात गोपिकाबाईच.

"गाडी डावीकडं काहून ओढून राहिली वो?"

"रस्ता डावीकडं उतरता हाये."

"जातानी उतरता होता. मंग येतानी?"

"अवं, रस्ता मधातून उंच अन् दोन्ही बाजूनं उतरता असते. पाणी वाहून जावं म्हणून."

हे खरं होतं. गोपिकाबाईंना राग आला तो याचाच. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्यातच धाकटा दीर मनोहर याच्यासाठी खाप्याची मुलगी पाहायला जायचं ठरलं. मनोहर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागे बसला, पुढे गोपिकाबाई. महालातल्या गल्लीत समोरून सायकलरिक्षा आली, चंपतरावांनी तिला वाट द्यायला एक हात काढून हॉर्न वाजवला, आणि तेवढ्यात गाडीनं डावा डाव साधला. काहीतरी खरखरलं. कुणीतरी ओरडलं.

"काई लागलं का?" चंपतरावांनी विचारलं.

"रस्ता उतरता असन," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही, कारण हसू येत होतं.

खाप्याला मुलीचे वडील नत्थूजी अंगणाबाहेर येऊन उभे होते. मागे सगळं घर. गाडी थांबली तशी नत्थूजींची नजर डाव्या दरवाजावर खिळली. गोपिकाबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. दरवाजाच्या मुठीत एक कोरा करकरीत झाडू अडकला होता, दुकानाबाहेर टांगलेल्या माळेतून ओढून आणलेला, अजून सुतळीसकट.

मनोहरचा चेहरा शर्टापेक्षा पांढरा पडला.

गोपिकाबाई खाली उतरल्या. झाडू सोडवून दोन्ही हातांत धरला आणि नत्थूजींच्या बायकोपुढे केला. "लक्षुमी घेऊन आलो जी. आमच्यात पहिल्यांदा येतानी रिकाम्या हातानं येत नाईत."

त्या बाईनं पदर सावरून झाडू घेतला आणि कपाळाला लावला. "असं तर आमच्याकडं कोणीच नाई केलं बाप्पा!" ती म्हणाली. पोहे आले, मुलगी आली, मनोहरला ती आवडली आणि त्याहून आश्चर्य म्हणजे तिला मनोहर आवडला.

परतताना गावाबाहेर बाजाराचं मोकळं मैदान लागलं. गोपिकाबाई म्हणाल्या, "घ्या गाडी आत."

"काहून?"

"घ्या तं."

गाडी मैदानात गेली. जमीन परातीसारखी सपाट.

"इथं रस्ता नाई, मधातला उंचवटा नाई. आता सोडा हात."

चंपतरावांनी हात सोडले. गाडी आधी विचार केल्यासारखी सरळ चालली, मग डावीकडे वळली आणि वळतच राहिली. एका बाभळीला अख्खा वेढा घालून ती पुन्हा जिथून निघाली तिथे आली. मागून मनोहर म्हणाला, "दादा, प्रदक्षिणा झाली."

चंपतरावांनी वळून त्या बाभळीकडे पाहिलं. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ब्रेक लावायचंच सुचेना.

पुढच्या रविवारी बगिच्यात, झाडं एका रांगेत लावायची दोरी त्यांनी चाकांच्या बाजूनं ताणली. दुसरं टोक गोपिकाबाईंनी धरलं. पुढची दोन्ही चाकं बाहेर तोंड करून बसली होती, रुसलेल्या जावांसारखी. टायरांच्या आतल्या कडा पार गुळगुळीत झाल्या होत्या. आणि डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर उंच निघाली.

"डावीकडं जास्त पिळलं तुमी."

"उजवीकडं तेवढंच पिळणार होतो. तूच तं हाक मारली पाटवडी खायाले!"

"मंग पाटवडीची चूक हाये म्हणा."

डावी बाजू उतरवून दोन्हीकडे सारखी केली, मग खाली शिरून चाकं दोरीच्या ओळीत आणली. त्यात दिवस कलला. काटोलच्या रस्त्यावर गाडी बाणासारखी सरळ निघाली. स्टेअरिंग मात्र आता एका बाजूला कललेलं राहिलं.

"हे बी उघडून नीट करतो," चंपतराव म्हणाले.

"हात तं लावून पाहा!" गोपिकाबाईंनी संत्रं सोलून एक फोड त्यांच्या तोंडात कोंबली. "चाकं सरळ हायेत ना? मंग ते वाकडंच असू द्या."