दलेंदाचं अंजीर

दलेंदा लग्न होऊन आली ती रोमनांच्या पडक्या देवळाला टेकून उभ्या असलेल्या घरात. त्या टेकडीवर सगळ्यांचीच घरं तशी. कुणाच्या दाराला जुना खांब, कुणाच्या गोठ्याला कोरीव दगड. नवऱ्याने अंगणात अंजीर लावलं होतं. पुढे सरकारने सगळ्यांना खाली नव्या वस्तीत हलवलं आणि टेकडीवरची घरं पाडून फक्त रोमनांचे दगड ठेवले; देवळालगतचं अंजीर तेवढं वाचलं. नव्या घरात नळ होता, पण नवरा तिथे फार जगला नाही. मूलबाळ नव्हतंच.

तिचा धाकटा भाऊ मोंजी टेकडीवर पहारेकरी म्हणून लागला; गावच्यांना आता तिथे जायला मनाई होती. आई गेल्यावर दलेंदानेच त्याला वाढवलेलं. दर उन्हाळ्यात ती टोपली घेऊन वर जायची, अंजिरं तोडायची, आणि मोंजी दुसरीकडे बघत पहिलं अंजीर खायचा.

त्या वर्षी राजधानीहून नवे साहेब आले, बरोबर परदेशी पाहुणे. दलेंदा तेव्हा भिंतीवर चढून वरची फांदी वाकवत होती.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

दलेंदाने डोक्यावरचं फडकं नीट केलं. भाऊ आता ओळख करून देणार, असं तिला वाटलं.

"कोण जाणे, साहेब. गावातल्या बायका घुसतात अशा," मोंजी म्हणाला. "ए बाई, उतर खाली. टोपली ठेव तिथंच."

ती उतरली. जाताना तिने मागे पाहिलं, तर मोंजी तिचीच अंजिरं धुऊन पाहुण्यांपुढे धरत होता.

संध्याकाळी तो रिकामी टोपली घेऊन दारात आला. "ताई, कुणीतरी त्यांचे कान भरलेत, मी गावच्यांना आत सोडतो म्हणून. बहीण आहे म्हटलं असतं तर घरी बसवलं असतं मला. पोरं लहान आहेत गं."

"बसा," ती म्हणाली.

"बसा काय? मला?"

"ओळखीच्या नसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? चहा घेणार ना?"

तिने चहा केला, पाहुण्याला करतात तसाच, पुदिना आणि भरपूर साखर घालून. मोंजीने तो मान खाली घालून संपवला.

थंडी पडायच्या सुमारास हुकूम आला. अंजिराच्या मुळांनी देवळाची भिंत सुटत होती, झाड काढायचं. मोंजीने ते दुसऱ्या कुणाला तोडू दिलं नाही. स्वतः कुऱ्हाड घेतली, लाकडं गाढवावर लादली आणि बहिणीच्या दारात आणून टाकली.

"म्हटलं, तुझ्याकडेच यावीत."

"उपकार झाले तुमचे," दलेंदा म्हणाली आणि ओंडके भिंतीशी रचू लागली. त्याने हात लावायला पाहिलं, तर ती म्हणाली, "राहू द्या. तुमचे कपडे सरकारी आहेत."

त्या डोंगरात हिवाळा हाडं गोठवतो. दलेंदाने ते लाकूड जपून ठेवलं नाही. वाळेल तसं मातीच्या भट्टीत घातलं आणि रोज भाकरी भाजली. मोंजीचं घर त्याच गल्लीत. वास गेला की त्याची पोरं धावत यायची. ती प्रत्येकाच्या हातावर गरम भाकरी ठेवायची, वर तेल ओतायची.

"अब्बांना नेऊ का, आत्या?" थोरलीने एकदा विचारलं.

"इथंच बसून खायची," दलेंदा म्हणाली. "घरी न्यायची नाही."