मनगटावरचे वेढे

हरेश्वर कोळी काही भित्रा गडी नव्हता. पण त्र्याऐंशी सालच्या त्या दुपारी वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडाशी तो असा घाबरला, की विचारू नका.

समोर धर्माची शिडाची होडी खडकांकडे वाहत चालली होती. शीड फाटलेलं, शिडाची आडवी काठी डोक्यात बसून धर्मा तळाशी बेशुद्ध. शुद्धीवर होती ती एकटी सगुणा, धर्माची बहीण नि हरेश्वरची बायको. मढहून सुकी मासळी घेऊन भावासोबत घरी निघाली होती बिचारी. किनाऱ्यावरून हे दिसलं तसा हरेश्वर एकटाच आपली इंजिनाची होडी घेऊन धावला.

त्यानं फेकलेला दोर तिनं पहिल्याच फटक्यात झेलला. शाब्बास! पण बायकांना होडीच्या दोराला कोण हात लावू देतं? तिला ठाऊक फक्त विहिरीचा दोर. सवयीनं तिनं दोन वेढे मनगटावर घेतले आणि दुसऱ्या हातानं टोक बांधायला खाली वाकली. अहो, एक लाट आली, दोर ताणला, की पंजाच जायचा! अशी बोटं गेलेले दोघं हरेश्वरच्या रोजच्या बसण्याउठण्यातले होते.

"सगुणा, हात सोडव!" तो घसा फोडून ओरडला. इंजिनाच्या धडधडीत त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. ती मान वर करेना.

इंजिन बंद केलं तर ऐकेल. पण हे खडूस इंजिन एकदा बंद पडलं की हँडल मारून मारून जीव काढायचं, आणि खडक तर हे समोर. दोन्ही होड्या फुटल्या तर? "आयला, वाट लागली," म्हणत त्यानं इंजिन बंद केलं.

"मनगटावरचा दोर काढ गो! डोलकाठीच्या बुडाशी बांध!"

आता तिला ऐकू आलं. तिनं वेढे झटकले, दोर काठीच्या बुडाला फिरवून गच्च गाठ मारली. तेवढ्यात लाट आली आणि दोर तटकन ताणला.

हरेश्वर हँडल मारत सुटला. चारदा. सातदा. खडकांवरचा फेस अंगावर उडाला. तोंडातून देवीचं नाव नि शिवी एकदमच निघत होती. अकराव्यांदा धडधड सुरू झाली.

खोल पाण्यात आल्यावर त्यानं मागं पाहिलं. भावाचं डोकं मांडीवर घेऊन सगुणा बसली होती. तिनं दोन्ही हात वर केले आणि दहाही बोटं फाकून दाखवली. हरेश्वरला रडूच फुटलं. मग ती काहीतरी ओरडली. शब्द काही ऐकू आले नाहीत, पण एवढ्या वर्षांच्या नवऱ्याला ते कळले: पुढं बघ, मेल्या!