चोरट्या चॅनेलवर

सकाळी एदेल्मिराच्या अंगणात तीन कोंबड्या पाय वर करून पडल्या होत्या. नव्या पिवळ्या कॅनमधलं पाणी तिनेच त्यांना घातलं होतं. तिने कॅन नखाने खरवडला, तर पिवळ्या रंगाखालून कवटी निघाली आणि दोन हाडं. कापसावर फवारायच्या विषाचा कॅन धुऊन, रंगवून विकला होता कुणीतरी. त्याच्याच जोडीचा दुसरा कॅन तिचा नवरा नेप्ताली प्यायच्या पाण्याने भरून खोल समुद्रात घेऊन गेला होता. जुनं पाणी संपलं की तो उघडायचा. म्हणजे आज, फार तर उद्या.

होड्या दुपारी बोलत. वस्तीचा रेडिओ सोराइदाच्या स्वयंपाकघरात, तळलेल्या केळ्यांच्या टोपलीशेजारी. एदेल्मिरा पोचली तेव्हा तो मेला होता. एरवी नुसती खरखर तरी असायची. आज तीही नव्हती.

"बॅटरी बदलून झाली," सोराइदा म्हणाली. "एकही होडी बोलत नाही. एकही." दारातल्या बायकांपैकी कुणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच लाट उभी होती.

"होड्या ठीक आहेत," कोपऱ्यातून मागाली म्हणाली. ही सोराइदाची भाची, सुट्टीला आलेली. दक्षिणेकडच्या वेधशाळेत ती सूर्याचे फोटो काढते, त्यावरचे डाग मोजते आणि त्याचा पगार घेते, ही गोष्ट वस्तीत विनोद म्हणून सांगितली जाई. "सकाळीच म्हटलं होतं, सूर्यावर स्फोट होईलसं दिसतंय, रेडिओ जाईल."

"तू म्हणालीस, आणि मी म्हटलं, उन्हात मासे वाळले म्हणजे झालं. रोज उगवतो तो. त्यात शिकायचं काय असतं?"

"हे असतं, मावशी. स्फोट झाला की वरची हवा रेडिओच्या लाटा गिळते. तासभर, कधी जास्त."

एदेल्मिराने कोंबड्यांचं आणि कॅनचं सांगितलं.

"तासाभरात होडीवरची चार माणसं ते पाणी पितील," ती म्हणाली. "दुसरं काही?"

"खालचे चॅनेल उशिरा उठतात, वरचे आधी. एखाद्या वरच्या चॅनेलवर ऐकत असेल का तुझा नवरा?"

उत्तर एदेल्मिराला माहीत होतं. ते दिलं, तर नेप्तालीला वस्तीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"सोराइदा, तुमचा वरचा चोरटा चॅनेल लाव."

"कुठला चोरटा?"

"ज्याच्यावर तुझा नवरा क्लेओफे तुला सांगतो, मासा कुठे लागलाय. आमचा माणूस दिवसभर त्यालाच कान लावून असतो. दोन वर्षं झाली."

सोराइदाने तिच्याकडे पाहिलं. मोठ्या माशाचं पोट फाडताना ती अशीच बघते. मग तिने बटण फिरवलं. खरखर आली, अगदी बारीक.

"नेप्ताली, पिवळ्या कॅनमध्ये विष आहे. पिऊ नका. ऐकलंस का?"

खरखर.

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा खरखर. सूर्यच आवाज गिळत होता, की ऐकूनही नवरा गप्प होता? या चॅनेलवर ओ दिली की चोरी कबूल. विषाचं खोटं सांगून त्याला पकडायचा हा क्लेओफेचा डाव आहे, असंही वाटलं असेल त्याला. तेवढा शहाणा तो नक्की होता. की ओ द्यायला तिथे कुणी उरलंच नव्हतं?

"लवकर," मागाली म्हणाली. "सूर्यावरचा तो डाग अजून आपल्याकडेच तोंड करून आहे. पुन्हा फुटू शकतो."

"नेप्ताली, मी सोराइदाला सगळं सांगितलंय. लपवायला काही उरलं नाही. आता तरी बोल, मेल्या." शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि तिने तोंडावर हात ठेवला.

खरखरीतून आवाज आला. "कॅन… उघडलाय. भांड्यात ओतलंय. प्यायलं नाही कुणी. आणि मी इथे चुकून आलो, बटण सरकलं, सांग तिला."

"त्याला म्हणावं, आधी पाणी फेक," सोराइदा म्हणाली, "खोटं नंतर बोल."

एदेल्मिराने तेच शब्द रेडिओत सांगितले.

"फेकलं," नेप्ताली म्हणाला. "पण मग प्यायचं काय? किनारा दोन दिवसांवर आहे."

तेवढ्यात तिसराच आवाज मध्ये घुसला, घोगरा, संथ. क्लेओफे.

"माझ्याकडे पाणी आहे. मी कुठे आहे ते तुला ठाऊकच असणार. ये."