धावजी गुरुजींची जुनी फाईल

आश्रमशाळेतून निवृत्त झाल्यावर धावजी राठोड गुरुजींनी गोरबोली या बंजारा बोलीच्या मराठी शब्दकोशाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, तेव्हा त्यांना कॉम्प्युटर बंद कसा करतात हेही धड ठाऊक नव्हतं. सहा वर्षं खपून त्यांनी ते पुरं केलं. सगळं एकाच फाईलमध्ये, शब्द आणि कोड एकमेकांत कालवलेले.

आता ते सगळ्यांसाठी खुलं करायचं होतं. कोणीही फुकट घ्यावं, त्यात आपल्या बोलीचे शब्द भरावेत. पण त्याआधी कोड नव्यानं लिहिणं भाग होतं. यवतमाळच्या कॉलेजात शिकवणाऱ्या निशिगंधानं ते अंगावर घेतलं आणि काम वाटून दिलं. शब्द वेगळे काढायचे कळंबच्या ऋतिकनं, शब्द शोधायचा भाग लिहायचा पांढरकवड्याच्या कहकशांनं. रविवारी दुपारी प्रकाशन.

बुधवार आला तरी गाडं जागचं हलेना. ऋतिकनं शब्द काढून ठेवावेत, तर सकाळी गुरुजींनी जुन्या फाईलमध्ये आणखी तीस घातलेले.

"मॅडम, मी तिसऱ्यांदा तेच करून राह्यलो," ऋतिक फोनवर म्हणाला. "गुरुजीले थांबवा ना कोणीतरी!"

कोणीतरी म्हणजे आपणच, हे निशिगंधाला कळत होतं. आजवर ती गुरुजींना 'थोडे बदल करतोय' एवढंच सांगत आली होती. तुमचं सहा वर्षांचं काम पुसतोय, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

गुरुवारी कॉलेज सुटल्यावर ती त्यांच्या घरी गेली. चहा आला, तसं तिनं एका दमात सांगून टाकलं. "गुरुजी, जुनी फाईल बंद करावी लागते. तिच्यातली एक ओळही राहणार नाही."

गुरुजींनी तोंडाला लावलेली बशी खाली ठेवली. "मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच ना!" त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला. मग एकदम हसले. "पण खरं सांगू? त्या फाईलीत आता मलेच काही सापडत नाही. तू मले दुसरं काम दे."

निशिगंधाला हायसं वाटलं. नवा कोड कुठं चुकतो ते शोधायचं काम तिनं त्यांच्याकडे दिलं.

शनिवारी सकाळीच त्यांचा फोन आला. त्यांची बायको जमनी हिनं 'याडी', म्हणजे आई, हा शब्द ऱ्हस्व वेलांटीनं 'याडि' असा लिहून शोधला, आणि नव्या सॉफ्टवेअरनं हात वर केले. निशिगंधानं लगेच सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. कहकशां भावाच्या गॅरेजात बसली होती, मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"गुरुजी, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी शब्द सापडावा म्हणून जुन्या कोडात चाळीस ओळी होत्या. मले कचरा वाटला, मीच उडवल्या," ती ओशाळून म्हणाली.

"प्रकाशन पुढं ढकला," ऋतिक म्हणाला.

"नाही ढकलायचं," निशिगंधा म्हणाली. "गुरुजी, त्या ओळी कहकशांला समजावून सांगा. कहकशां, तू तेवढंच नव्यानं लिही. ऋतिक, तू तपासत जा."

गुरुजी फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे शिकवू लागले. जमनी शेजारी बसून मनाला येईल तसे शब्द लिहून बघत होती. चुकलं की "नाही सापडत!" असं आनंदानं ओरडायची. जेवणवेळेपर्यंत तिला ओरडायला काही उरलं नाही. चाळीस ओळींचं काम कहकशांनं अकरा ओळींत बसवलं होतं.

"अकरातच?" गुरुजी चकित झाले. "बाप्पा! मले शिकव बरं हे."

रविवारी सॉफ्टवेअर वेळेवर खुलं झालं. सोमवारी आदिलाबादच्या एका शिक्षकाचा ई-मेल आला. यात आमच्या कोलामी बोलीचे शब्द घालता येतील का, असं त्यांनी विचारलं होतं. निशिगंधा उत्तर लिहायला बसली, तर गुरुजींनी ते कधीच देऊन टाकलं होतं: जरूर घाला. अडलं तर सरळ यवतमाळला या, जेवायलाच या.