पाक सामिनो यांनी विकलेला बेचाक

मित्रांनो, माझ्या बाकावर जरा टेका आणि ऐका. मी सोलो शहरातला एक जुना बेचाक आहे. तीन चाकांची सायकलरिक्षाच म्हणा, पण मांडणी उलटी. प्रवासी पुढे बसतो आणि चालवणारा त्याच्या पाठीमागे. त्यामुळे खड्डा आधी प्रवाशाला दिसतो आणि बोलणी मात्र चालवणाऱ्याला बसतात.

मला घडवलं तेव्हा रंगाऱ्याने माझ्या कुशीवर डोंगर, भातशेत आणि दोन बगळे काढले. घाईत एका बगळ्याला तीन पाय आले. पाक सामिनो (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने 'पाक' म्हणतात, बाईला 'बू') मला घ्यायला आले, तो तिसरा पाय पाहून हसले आणि म्हणाले, "हाच द्या." तेव्हापासून एकतीस वर्षं मी त्यांचा होतो. बाजारात जाणाऱ्या बायका, त्यांच्या टोपल्या, नवरानवरी, शाळेची पोरं असं सगळं आम्ही वाहिलं. एकदा कळा सुरू झालेल्या एका बाईला इतक्या जपून दवाखान्यात पोचवलं की ती मला हात लावून मगच आत गेली. दर गुरुवारी पाक सामिनो माझ्या साखळीला तेल घालत. असा मालक मिळायला नशीब लागतं, हे मी उगाच म्हणत नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. पहाटे नारळाच्या दुधातला भात विकणाऱ्या त्यांच्या बायकोने, बू वागिनी यांनी, मन घट्ट करून सांगितलं की आता पुरे. मला घ्यायला आले सेमारांग शहराचे हेन्दार्तो. त्यांनी सोलोत नवं अतिथीगृह काढलं होतं आणि पाहुण्यांना स्वतः माझ्यातून फिरवायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला उलटसुलट तपासलं, चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाले की लहानपणापासून सायकल चालवतो, हे काय अवघड आहे?

इथे पाक सामिनो यांनी आम्हा सोलोकरांनाच शोभेल अशी चूक केली. बेचाक सायकलसारखा कलत नाही. वळताना जो अंग झुकवतो, तो थेट गटारात जातो. हे अंगात मुरायला महिने लागतात. पण दारी आलेल्याला तोंडावर "तुम्हाला नाही जमणार" म्हणणं आमच्याकडे असभ्य समजतात. पाक सामिनो नुसते हसले आणि म्हणाले, "जमेल हळूहळू." बू वागिनी यांनी पावतीवर 'पाहून, तपासून घेतला' असं लिहून हेन्दार्तो यांची सही घेतली.

तिसऱ्या दिवशी मी गटारात होतो. छत चेपलं, हेन्दार्तो यांचं कोपर सोलवटलं. मला वर ओढल्यावर माझ्याच बाकावर बसून त्यांनी बू वागिनी यांच्या फोनवर निरोप धाडला, एकेक शब्द मोठ्याने उच्चारत. "वाकडा बेचाक गळ्यात मारलात. उद्या संध्याकाळपर्यंत पैसे परत करा, नाहीतर म्हाताऱ्याचा फोटो 'लबाड' म्हणून गावभर पाठवीन. आणि माणसं घेऊन दारात येईन."  पाक सामिनो यांनी आयुष्यात नावाखेरीज काही कमावलं नव्हतं.

पुढचं मला नंतर कळलं. पाक सामिनो जेवले नाहीत. देऊन टाकू पैसे, म्हणाले. बू वागिनी यांनी ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "घाबरून दिलेत तर लोक म्हणतील, लबाडच होता. आधी जेवा." मग त्यांनी उलट शिवी दिली नाही की निरोप पुसला नाही. एवढंच कळवलं, "बेचाक घेऊन या, चहा तयार ठेवते." आणि पावती व फोन घेऊन त्या गल्लीचे प्रमुख पाक दार्मो यांच्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेन्दार्तो टेम्पोतून मला घेऊन आले. बरोबर दोन दांडगे गडी. बू वागिनी यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवून चहा आणि तळलेली केळी दिली. हेन्दार्तो आवाज चढवायला उठले, तोवर ते दोघे तिसऱ्या केळ्यावर होते. पाक दार्मो यांनी काही वाद घातला नाही. त्यांनी तो निरोप जमलेल्या सगळ्या गल्लीदेखत शांतपणे वाचून दाखवला. हेन्दार्तो यांचे कान लाल झाले, पण ते म्हणाले की बेचाक वाकडा आहे तो आहेच.

पाक सामिनो जुनी टोपी घालून पुढे आले. "बसा."

आमच्या गल्लीत बॅडमिंटनसाठी रस्त्यावरच पांढऱ्या रेघा मारल्या आहेत. त्यातल्या लांब रेघेवर त्यांनी माझं डावं पुढचं चाक ठेवलं आणि पायडल मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. चाक बोटभरही ढळलं नाही. बाकावर हेन्दार्तो गुडघ्यांवर हात ठेवून गुपचूप बसले होते. पाक सामिनो यांचा गुडघा कुरकुरत होता, तो फक्त मला ऐकू आला.

"आता तुम्ही चालवा," बू वागिनी म्हणाल्या आणि चहाचा पेला घेऊन स्वतः पुढे बसल्या. पहिल्याच वळणाला हेन्दार्तो यांनी अंग झुकवलं आणि आम्ही शेजारच्या फुलांच्या कुंड्यांत शिरलो. बू वागिनी यांचा चहा सांडला नाही. कोणी हसलं नाही. दोघे गडी मान खाली घालून आपापल्या पेल्यात पाहू लागले.

पाक सामिनो लंगडत आले. "पडलात यात दोष माझा. सायकल येते म्हणालात, तेव्हाच मी सांगायला हवं होतं. मला संकोच वाटला."

"त्यांनी त्यांची चूक सांगितली," बू वागिनी म्हणाल्या. "आता तुमची."

हेन्दार्तो कसेबसे पुटपुटले की पाक सामिनो लबाड नाहीत.

"जरा मोठ्याने. धमकी पुटपुटत नव्हती दिली."

मग त्यांनी ते मोठ्याने म्हटलं, अगदी शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं, आणि स्वतःच कुंड्या सरळ करायला वाकले. त्या दिवसापासून मला त्यांचा राग राहिला नाही.

मी आज हेन्दार्तो यांच्याकडेच आहे. मित्रांनो, जुनी वस्तू विकाल तेव्हा तिची खोड संकोच न करता सांगा. विकत घ्याल तेव्हा आवाज चढवण्याआधी ती चालवायची कशी, ते विचारा. आणि आम्हाला तेल घालायला विसरू नका.

दर रविवारी पाक सामिनो हेन्दार्तो यांना शिकवायला येतात. हेन्दार्तो मागे बसून चालवतात, पाक सामिनो पुढच्या बाकावर बसून सांगतात, "अंग नको, हात वळवा." एकतीस वर्षांत ते माझ्या बाकावर कधीच बसले नव्हते. ते इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं.