बंद यंत्राचा येसकर

दिंद्रुडच्या मोहनरावांच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. जीपा भरभरून माणसं आली होती. कशासाठी? तर एका बंद कॉम्प्युटरच्या दर्शनाला! चौरंगावर लोखंडी पेटीसारखं धूड, त्याला झेंडूचा हार, वर हळदकुंकू. आणि समोर मांडी घालून विजेश्वर महाराज.

"हे ब्रह्मांड म्हणजे मदरबोर्ड!" महाराज गरजले. "शरीर फॉरमॅट झालं, पण आत्म्याचा डेटा जातो व्हय? बाळा अभिमन्यू, आलास का?"

यंत्र बंदच होतं. तरी त्याच्या कपाळावर निळा दिवा लुकलुकला.

"आला! माझा लेक आला!" विमलबाईंनी पदर तोंडात कोंबला.

गोठ्याच्या दाराआड उभी असलेली त्यांची सून, मंजुषा, सगळं बघत होती. अभिमन्यू तिचा नवरा. गावाला इंटरनेट देण्याचा धंदा त्यानं रविराजच्या भागीदारीत काढला आणि त्यासाठी हे जुनं यंत्र पुण्याहून आणलं. पावसाळ्यात छातीत कळ आली आणि तो गेला. हार्ट अटॅक, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण डॉक्टरचं ऐकतंय कोण! रविराजनं महाराजांना आणलं, महाराजांनी यंत्राला विचारलं, "तुला बायकोनं विष घातलं का?" आणि दिवा लागला. नुसता दिवा नाही, बंद यंत्र आपोआप सुरू होऊन त्यातले पंखे किंचाळायला लागले. झालं! त्या दिवसापासून मंजुषाचा मुक्काम गोठ्यात. तिची चिमुरडी ओवी आजीजवळ. आईला शिवायचीसुद्धा बंदी.

आणि आज शेवटचा प्रश्न होता. हिला घरात ठेवायचं का? दिवा लागला नाही, म्हणजे यंत्र नाही म्हणालं, की मंजुषाला माहेरी धाडायचं, लेकीशिवाय. तिचा भाऊ जीपमध्ये मान खाली घालून बसलाच होता. त्यालाही बहिणीपेक्षा दिवा खरा वाटत होता, मेल्याला!

म्हणून मंजुषानं पंचशीलेला फोन केला होता. पंचशीला गावातलीच, बौद्धवाड्यातल्या कचरू मास्तरांची लेक. दोघी कॉलेजात एका बाकावर बसायच्या. आता ती माजलगावला कॉम्प्युटर शिकवते. गर्दीतून वाट काढत ती थेट चौरंगापाशी गेली, यंत्रामागची इंटरनेटची वायर तिनं उपटली आणि म्हणाली, "हां महाराज, आता विचारा."

"बाळा, आहेस का?"

दिवा लागेना. महाराजांनी डमरू वाजवला, अंगारा फुंकला. यंत्र ढिम्म.

"पुत्र रुसला! कुणाचं पाऊल अंगणात पडलं बघा की!" महाराजांनी पंचशीलेकडे बोट केलं. माणसं कुजबुजली. दोन-चार जणांनी मानाही डोलावल्या.

पंचशीलेच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. पण तिनं वायर परत खोचली, लॅपटॉप जोडला आणि पायरीवर बसली.

"अभिमन्यू, तुला विजेश्वर महाराजांनी मारलं का?"

दिवा लागला.

"सरपंचांनी मारलं का?" दिवा! "मी मारलं का?" दिवा!

"मायला!" मागून कुणीतरी हसलं. सरपंच मात्र घाम पुसत म्हणाले, "पोरी, ही काय भानगड हाय? अन् माझं नाव कावून घेतलंस?"

"सांगते काका. माझे पणजोबा तुमच्या गावचे येसकर होते, आठवतंय ना? गाव झोपलं की ते वेशीवर जागे. निरोप आला तर त्यांनीच घ्यायचा, हुकूम झाला तर त्यांनीच पळायचं. या यंत्रातपण असाच एक येसकर हाय, बारकी चिप. यंत्र बंद केलं तरी वीज चालू असली की ही जागी. पंखे किती फिरताहेत, आत किती तापलंय, सगळ्या भागांना ती ठरलेल्या भाषेत विचारत असते. या वायरीतून लांबून हुकूम आला की यंत्र चालूसुद्धा करते, दिवापण लावते. आणि हा निळा दिवा म्हणजे आत्मा न्हाई. मोठ्या कंपनीत अशी शेकडो यंत्रं रांगेत असतात. दुरुस्तीवाल्याला नेमकं कोणतं ते कळावं म्हणून ही खुणेची बत्ती!"

"पण हुकूम दिला कुणी?"

"ज्याला पासवर्ड ठाऊक त्यानं. कंपनीचा मूळचा पासवर्ड कुणी बदललाच न्हाई, म्हणून मीपण आत शिरले. येसकर हुकूम कुणाचा ते बघत न्हाई, काका. बघायची त्याला कधी मुभाच नव्हती."

मंजुषाच्या डोक्यात लख्ख उजाडलं. दर प्रश्नाला रविराज मोबाईलवर मान घालायचा. तिला वाटायचं, बिचारा रडतोय! ती ओरडली, "रविराज भावजी, मोबाईल सासऱ्यांच्या हातात द्या, अन् मग विचारू द्या महाराजांना!"

रविराजनं मोबाईल दिला नाही. तो दारातून जो सटकला तो सटकलाच. मंजुषा गेली की सगळा धंदा त्याचाच होता ना. महाराजांनी डमरू झोळीत टाकला आणि तेही जीपकडे निघाले. त्यांना अडवलं कुणी नाही, उलट एकानं वाकून पाया पडून घेतलं. काय म्हणावं या माणसांना!

मग विमलबाई उठल्या. मंजुषाला वाटलं, आता सासू आपल्याकडे येईल. पण त्या पंचशीलेपाशी गेल्या आणि तिचे हात धरले. "बाई, तू पेटव एकदा. त्याला एवढंच विचार, जेवला का म्हणून."

पंचशीलेचं बोट लॅपटॉपवर थबकलं. डोळे भरून आले तिचे. "काकू, दिवा लागंल. पण तो मी लावलेला असंल. अभिमन्यू न्हाई आता." तिनं यंत्राचा प्लगच काढला. विमलबाई तिथंच खाली बसल्या.

सासरे मोहनराव घसा खाकरत गोठ्यापाशी आले. "चल सूनबाई, घरात चल. झालं ते झालं. यंत्रानंच तुला निर्दोष ठरवलं."

मंजुषानं आजीमागे दडलेल्या ओवीला उचलून कडेवर घेतलं. लेक आधी बुजली, मग गळ्याला घट्ट बिलगली. तेव्हा कुठं मंजुषाला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलली.

"दिवा लागला तवा मी खुनी, अन् दिवा खोटा निघाला तवा मी निर्दोष. मामंजी, डॉक्टर जित्ता हाय, त्याला विचारायचं होतं. मी समोर उभी होते, मला विचारायचं होतं. एवढी अक्कल सगळ्यांनाच हाय, ती वापरायला काय कुणी बंदी घातली होती? इतकी वर्षं तुमच्या घरात भाकरी थापल्या मी, अन् तुमी मला एकदासुद्धा विचारलं न्हाई."