बटणावरचा काळूराम

सागरची हळद रविवारी संध्याकाळी ठरली तेव्हा मृणालीला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर साडेसहाला मोटारींची शर्यत असते, एवढं तरी तिने सांगितलं असतं. पण सख्ख्या भावाची हळद आणि ती एकुलती एक करवली, म्हणजे पळून जायची सोयच नाही. खारबावच्या त्या मांडवात ती हळदीचं ताट घेऊन उभी होती आणि ताटाच्या आड मोबाइल चालू होता. हळदीची गाणी म्हणणारी धवलारीण सीताबाई दर दोन ओळींनी तिच्याकडे डोळे वटारून बघत होती.

मृणाली भिवंडीजवळच्या एका गोदामात डॉक सुपरवायझर होती. ट्रेलर भरला की आत कुणी राहिलं नाही ना ते बघायचं, हात वर करायचा आणि गाडी सोडायची, हे तिचं काम. एक ट्रेलर भरायला तीन-चार तास लागायचे, त्यातला निम्मा वेळ एकमेकांवर ओरडण्यात जायचा. म्हणून चार वर्षांपूर्वी तिने टीव्हीवर पहिल्यांदा शर्यतीतलं चाकं बदलणं पाहिलं आणि ती वेडीच झाली. वीस माणसं एका गाडीवर तुटून पडतात, अडीच सेकंदांत चारही चाकं बदलतात आणि कुणी कुणाला शिवी देत नाही! लोक ड्रायव्हरच्या प्रेमात पडतात, ही बाई चाकवाल्यांच्या प्रेमात पडली.

त्यातही आकाशी टीमचा एक बुटका गडी तिचा खास. चाकं लागली की मागून दुसरी गाडी येत नाही ना हे बघून तो बटण दाबायचा, मग हिरवा दिवा लागायचा आणि गाडी सुटायची. एका पायावर भार टाकून उभं राहायची त्याची ढब थेट तिच्या काळूराममामाची. म्हणून तिने परस्पर त्याचं बारसं करून टाकलं होतं.

मागच्या शर्यतीत या काळूरामने घोळ घातला. शेजारून दुसरी गाडी येत असताना त्याने बटण दाबलं. टक्कर कशीबशी टळली, पण दंड बसला आणि हातातला तिसरा नंबर गेला. मृणालीने टीव्हीसमोर त्याची सालटी काढली. घरी बसवा त्याला, उद्याच्या उद्या बसवा, असं ती घरभर बोलत फिरली.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, तिच्याच हातून तेच झालं. सगळे उतरले का रे, असं तिने नेहमीसारखं विचारलं. खाली उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी न बघताच हो म्हणालं आणि तिने हात वर केला. हमाल सावळ्या अजून आत खोकी रचत होता. ट्रेलर हलला तसा तो मागच्या उघड्या दारातून खाली पडला. खरचटण्यावर निभावलं, पण डॉकच्या कडेवर आपटण्यापासून डोकं चार बोटांनी वाचलं होतं. तो एक शब्द न बोलता उठून पाणी प्यायला गेला, आणि तेच तिला जास्त लागलं.

तेव्हापासून तिचा हात वर होईना. मला बिलिंगला बसवा, असा गोदामाच्या शैलेश साहेबांना मेसेज लिहून तिने तसाच ठेवला होता. आज काळूराम जागेवर दिसला नाही तर तो पाठवायचा, असं ठरलं होतं. त्याला घरी बसवा म्हणणारी तीच होती, मग स्वतःला वेगळा न्याय कसा लावणार?

अडतिसाव्या फेरीला आकाशी गाडी दुसऱ्या नंबरवर होती आणि चाकं बदलायला आत वळली. कॅमेरा आधी चाकांवर गेला, मग जॅकवर, मग जरा बाजूला सरकला. एका पायावर भार टाकलेला बुटका गडी तिथेच उभा होता.

"आहे!" ती ओरडली. सीताबाईचं गाणं थांबलं. वडील हिरामण लगबगीने जवळ आले आणि मोबाइलमध्ये डोकावले.

चाकं लागली. चौघांचेही हात वर गेले. दिवा मात्र लालच. समालोचक बोंबलत होता, ड्रायव्हर इंजिन गर्जवत होता, साऱ्या जगाला वाटत होतं की आता सोड. काळूराम मान वळवून मागे बघत राहिला. एक लाल गाडी अगदी खेटून सणकन निघून गेली. त्यानंतरच हिरवा दिवा लागला. एक सेकंद गेला, एक नंबर गेला, आणि मृणालीने अशी उडी मारली की अर्धी हळद हिरामणच्या पांढऱ्या शर्टावर.

"जिंकली का तुझी गाडी?" शर्टाकडे बघत त्यांनी विचारलं.

"न्हाय बाबा. थांबली."

हिला हसू येतंय की रडू, ते त्यांना कळेना. ज्याचा घोळ साऱ्या जगाने पाहिला, त्यालाच त्याच जागी पुन्हा उभं केलं होतं, आणि तो घाबरून पळाला नव्हता, नीट बघायला शिकला होता. तिला इतका आनंद झाला की शर्यत संपायचीही वाट न बघता तिने मेसेज खोडला आणि मांडवाबाहेर जाऊन सावळ्याला फोन लावला. बुधवारनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"सावळ्या, माझी चूक झाली. उद्या डॉकवर मीच आहे. तू येशील?"

"येन ना ताई," तो म्हणाला. "पन सगले उतरले का, आसा नको इचारू. एकेकाचा नाव घे. मी ओ दिली का मंग गाडी सोड."

मृणालीच्या डॉकवर नऊ माणसं होती. चार वर्षं ती त्यांच्याबरोबर काम करत होती आणि तिला तिघांचीच नावं ठाऊक होती.

"बाकीच्यांची सांग," ती म्हणाली.

तो सांगत गेला, आणि आत डीजे सुरू झाला तरी ती कानावर हात दाबून एकेक नाव मोठ्याने म्हणत राहिली.